दोन व्याधी आणि एक वनौषधी

पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसाच्या शरीरात मधुमेह आणि गुडघ्यांची झीज या दोन व्याधी पुष्कळदा एकाच वेळी ठाण मांडून बसलेल्या आढळतात. दोन्ही चिवट आणि दोन्ही वाढत्या वयाबरोबर व वाढत्या वजनाबरोबर बळावणाऱ्या. परंतु त्यांचे एकत्र येणे ही नुसती बेरीज नव्हे. मधुमेहावरचा जुन्यात जुना आणि आजही सर्वमान्य असलेला उपाय म्हणजे चालणे. आणि झिजलेला गुडघा नेमके तेच करू देत नाही. उलट, गुडघ्याची वेदना शमविणारी जी प्रभावी औषधे आहेत, त्यांपैकी स्टेरॉइड-वर्गातील औषधे रक्तातील साखर चढवितात, आणि इतर वेदनाशामके मधुमेहाने आधीच नाजूक झालेल्या मूत्रपिंडावर भार टाकतात. अशा कोंडीत सापडलेला रोगी 'दोन्हींवर चालेल असे एखादे झाडपाल्याचे औषध आहे काय?' असे विचारू लागला, तर त्यात नवल नाही.

श्रोतेहो, हा प्रश्न आजचा नाही. तो निदान सातशे वर्षांपूर्वी आपल्याकडे विचारला गेला होता आणि त्याचे उत्तरही दिले गेले होते. तोच प्रश्न पुढे युरोपात, काहीसा अपघाताने, पुन्हा उभा राहिला. आजच्या भाषणात मी या प्रश्नाचा इतिहास सांगणार आहे. चिकित्सा सांगण्याचा अधिकार वैद्य-डॉक्टरांचा. माझा हेतू एवढाच, की औषध हाती घेण्यापूर्वी त्यामागचा मार्ग आपल्या नजरेखालून जावा.

प्रथम आपल्या प्राचीन ग्रंथांकडे वळू. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत प्रमेहाचे वर्णन आहे. रोग्याच्या मूत्राकडे आणि अंगाकडे मुंग्या व माश्या धाव घेतात, ही खूण चरकसंहितेत नोंदलेली आहे. इंग्लंडात टॉमस विलिस याने मूत्राच्या गोडीचा उल्लेख केला तो १६७४ साली, आणि ती गोडी साखरेचीच असल्याचे मॅथ्यू डॉब्सन याने मूत्र आटवून दाखविले ते १७७६ साली. यावरून आपल्या पूर्वसूरींचे निरीक्षण किती सूक्ष्म होते याची कल्पना येईल. एवढेच नव्हे, तर सुश्रुताने जन्मजात प्रमेह आणि अपथ्याने ओढवून घेतलेला प्रमेह असे दोन भेद केले, आणि चरकाने स्थूल, बलवान रोगी व कृश, दुर्बल रोगी यांची चिकित्सा वेगवेगळी सांगितली. सतत बसून राहणे, झोपेचे सुख आणि दही, गूळ, नवे धान्य यांचा अतिरेक ही या रोगाची कारणे चरकाने दिली आहेत, ती आजच्या एखाद्या आरोग्यपत्रिकेत छापली तरी शोभतील.

सांध्यांच्या व्याधीचे वर्णन त्याच चरकसंहितेत वातव्याधींच्या अध्यायात येते. सांध्यात वात शिरला म्हणजे तेथे वाऱ्याने भरलेल्या पखालीसारखी सूज हाताला लागते आणि अवयव पसरताना व आखडताना वेदना होतात, असे हे वर्णन आहे. पुढे माधवकराने आपल्या निदानग्रंथात आमवाताला स्वतंत्र अध्याय देऊन, ज्वर व सूज यांसह येणारा हा सांध्यांचा विकार निराळा मांडला. वयोमानाने होणारी सांध्यांची झीज आणि दाहयुक्त संधिवात यांत आजचे वैद्यक जो भेद करते, त्याची चाहूल येथे लागते.

आता अडचण कोठे येते ते पाहा. वातव्याधीच्या चिकित्सेत तेल-तूप, मर्दन, शेक आणि बस्ती यांना अग्रस्थान आहे. रोग्याला स्निग्ध करावे, सांभाळावे, पोसावे असा तिचा रोख आहे. स्थूल प्रमेही रोग्याची चिकित्सा याच्या अगदी उलट आहे. त्याला जवाचे हलके, रुक्ष अन्न द्यावयाचे, त्याचे शोधन करावयाचे आणि त्याच्याकडून श्रम करवून घ्यावयाचे. सुश्रुताने तर निर्धन प्रमेही माणसाला सांगितले, की पायात वहाणा नाहीत, डोक्यावर छत्री नाही, अशा स्थितीत भिक्षेवर राहून, एका गावी एकच रात्र मुक्काम करून, मुनीप्रमाणे संयमाने शंभर योजने किंवा त्याहूनही अधिक चालत जावे. कोणी गाईंच्या मागे हिंडावे, कोणी जमीन नांगरावी, कोणी विहीर खणावी, असेही त्याने म्हटले आहे. उपदेश उत्तम आहे. परंतु ज्याला घराचा उंबरठा ओलांडताना भिंतीचा आधार घ्यावा लागतो, त्याने शंभर योजने कशी चालावीत? एका रोगाचे पथ्य ते दुसऱ्या रोगाचे अपथ्य, अशी ही स्थिती आहे.

या कोंडीतून वाट काढण्याचा प्रयत्न ज्या द्रव्याच्या आधारे झाला, ते म्हणजे गुग्गुळ. राजस्थान, गुजरात, सिंध येथील रखरखीत प्रदेशात वाढणाऱ्या एका काटेरी झुडपाचा हा डिंक. सुश्रुताने महावातव्याधींच्या चिकित्सेतच त्याचे गुण वर्णिले आणि एक मार्मिक भेद केला: नवा गुग्गुळ शरीर पुष्ट करतो, जुना गुग्गुळ ते झडवितो. सांध्यांतील वात शमवील आणि मेदही उतरवील असे द्रव्य वैद्यांना हवे होते; जुन्या गुग्गुळात त्यांना ते सापडले.

तेराव्या-चौदाव्या शतकांच्या सुमारास रचल्या गेलेल्या शार्ङ्गधरसंहितेत या विचाराला निश्चित रूप आले. तेथील योगराज गुग्गुळाचा पाठ या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. गुटी एकच, परंतु तिचे अनुपान रोगागणिक निराळे. रास्ना आदी वनस्पतींच्या काढ्याबरोबर घेतली तर ती नाना प्रकारचे वातविकार घालविते. दारुहळदीच्या काढ्याबरोबर घेतली तर प्रमेह. आणि मधाबरोबर घेतली तर मेदोवृद्धी. सांधे, साखर आणि मेद या तिन्हींना एकाच गुटीने गाठण्याचा हा प्रयत्न होता. आज ज्या रोग्याविषयी आपण बोलत आहो, तोच रोगी शार्ङ्गधराच्या डोळ्यांपुढे उभा होता असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु त्याच पाठात आणखीही काही आहे, आणि ते सांगितल्याविना हा इतिहास पुरा होणार नाही. शार्ङ्गधराच्या त्या योगात सुंठ, पिंपळी, त्रिफळा यांच्या जोडीला कथील, रुपे, शिसे, लोह, अभ्रक, मंडूर आणि रससिंदूर ही द्रव्ये येतात. रससिंदूर म्हणजे पारा आणि गंधक यांचा संयोग. म्हणजे ज्याला आपण 'झाडपाल्याचे औषध' म्हणतो, ते त्याच्या कर्त्यानेच निव्वळ झाडपाल्याचे ठेवलेले नव्हते. शोधन आणि भस्मीकरण यांनी धातूंचा दोष जातो अशी रसशास्त्राची धारणा होती. परंतु शिसे आणि पारा शरीरात साठून मूत्रपिंडाला इजा करतात, हे आजच्या विज्ञानाने निर्विवादपणे सिद्ध केले आहे. आणि मधुमेही माणसाच्या शरीरात ज्या अवयवांना सर्वांत जपावे लागते त्यांपैकी मूत्रपिंड हा एक होय.

आता दृश्य पालटून युरोपात जाऊ. १७६३ साली इंग्लंडमधील चिपिंग नॉर्टन येथील एडवर्ड स्टोन नावाच्या एका धर्मोपदेशकाने लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र धाडले. आपल्याकडे ओढ्याकाठी जे वाळुंज वाढते, त्याच्याच कुळातील एका झाडाची साल स्टोनने चाखून पाहिली होती. तिचा कडवटपणा सिंकोनाच्या सालीसारखा वाटल्यावरून त्याने ती वाळवून, कुटून, सुमारे पन्नास हिवतापाच्या रोग्यांना दिली आणि गुण आल्याचे कळविले. त्या सालीतील सक्रिय द्रव्य, सॅलिसिन, १८२८ साली जर्मनीत वेगळे करण्यात आले. त्यापासून सॅलिसिलिक आम्ल तयार झाले. आणि १८७६ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील डॉक्टर टॉमस मॅक्लॅगन यांनी सांध्यांच्या तीव्र ज्वरयुक्त विकारात सॅलिसिन गुणकारी ठरल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. सालीतून सुरू झालेला हा मार्ग १८९९ साली अ‍ॅस्पिरिन या नावाने बाजारात आला, हे सर्वश्रुत आहे.

त्या मानाने अल्पश्रुत असलेली गोष्ट अशी, की त्याच १८७६ साली विल्हेल्म एब्स्टाइन या जर्मन वैद्यकतज्ज्ञाने सोडियम सॅलिसिलेट हे द्रव्य मधुमेहावर वापरून पाहिले आणि मोठ्या मात्रेने मूत्रातील साखर घटते असे नोंदविले. १९०१ साली मँचेस्टरच्या आर. टी. विल्यमसन यांनीही तसाच अनुभव प्रसिद्ध केला. एकाच वनस्पतीपासून निघालेले द्रव्य सांध्यांवर चालते आणि साखरेवरही चालते, हे त्या काळीच दिसून आले होते. परंतु त्यासाठी लागणारी मात्रा इतकी मोठी होती, की रोग्याचे कान गुणगुणत आणि पोट बिघडे. पुढे १९२१-२२ साली इन्शुलिन हाती आल्यावर हा सारा विषय मागे पडला.

तो पुन्हा पुढे आला तो एका संधिवाताच्या रोग्यामुळे. इन्शुलिनवर असलेल्या एका मधुमेही माणसाला सांध्यांच्या विकारासाठी अ‍ॅस्पिरिनची मोठी मात्रा देण्यात आली होती. ती चालू असेपर्यंत त्याला इन्शुलिनची गरजच उरली नाही. या अनुभवावरून केलेले संशोधन जेम्स रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केले. त्याचे कारण मात्र २००१ साली कळू लागले. शरीरातील मंद, दीर्घकालीन दाह इन्शुलिनच्या कार्यात अडथळा आणतो आणि सॅलिसिलेट त्या दाहाच्या एका दुव्यावर आघात करते, असे त्या वर्षी अमेरिकेत झालेल्या प्रयोगांतून दिसून आले. गुडघ्याच्या झिजेतही केवळ यांत्रिक घर्षण नसून अशाच मंद दाहाचा वाटा असतो, हेही आता मान्य झाले आहे. दोन व्याधींच्या मुळाशी काही समान धागा असावा, हा वैद्यांचा जुना तर्क अगदीच निराधार नव्हता.

मग सॅलिसिलेट हेच दोन्ही व्याधींचे औषध का झाले नाही? २०१३ साली सॅलसॅलेट या सौम्य द्रव्याची २८६ मधुमेही रोग्यांवर ४८ आठवडे घेतलेली चाचणी प्रसिद्ध झाली. साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखविणारा अंक ०.३७ टक्क्यांनी उतरला, हा लाभ खरा होता. परंतु त्याबरोबर रोग्यांचे वजन वाढले, रक्तातील अपायकारक मेद वाढला आणि मूत्रातून जाणाऱ्या प्रथिनाचे प्रमाणही वाढले. मूत्रातील प्रथिन म्हणजे मूत्रपिंडाची हाक. औषध बंद केल्यावर ते प्रमाण पूर्ववत झाले, तरी धोक्याची सूचना मिळालीच होती.

युरोपातील दुसरी वनस्पती म्हणजे गॅलेगा. जांभळ्या-पांढऱ्या फुलांचे हे झुडूप मेंढ्यांच्या पोटात गेल्यास विषारी ठरते. १९१८ साली ग्वानिडिन हे रसायन प्राण्यांच्या रक्तातील साखर उतरविते असे आढळले, आणि त्याच कुळातील गॅलेजिन हे द्रव्य या झुडपात असल्याने त्याचेही प्रयोग झाले. परंतु ते विषारी ठरले. त्याच कुळातील, पण सौम्य, असे मेटफॉर्मिन १९२२ साली डब्लिन येथे वर्नर आणि बेल या रसायनज्ञांनी बनविले. तीस-पस्तीस वर्षे त्याची कोणी वास्तपुस्त केली नाही. १९५७ साली फ्रान्समध्ये झाँ स्टर्न यांनी ते मधुमेहावर वापरले. १९५८ साली ते ब्रिटनमध्ये आणि १९९५ साली अमेरिकेत उपलब्ध झाले. आज कोट्यवधी मधुमेही ज्या गोळीवर विसंबून आहेत, तिचा पूर्वज एक विषारी रानझुडूप आहे.

आणि आता ही गोळीही सांध्यांपर्यंत येऊन पोहोचली आहे. २०२५ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी, गुडघ्याची झीज असलेल्या आणि वजन अधिक असलेल्या १०७ व्यक्तींवर सहा महिन्यांची चाचणी प्रसिद्ध केली. वेदनेच्या शंभर गुणांच्या मापावर मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची वेदना सरासरी सुमारे ३१ गुणांनी आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांची सुमारे १९ गुणांनी उतरली. येथे दोन गोष्टी लक्षात ठेवल्या पाहिजेत. या व्यक्तींना मधुमेह नव्हता. आणि चाचणी लहान असल्याने मोठ्या चाचणीने तिला दुजोरा मिळावयास हवा, असे खुद्द संशोधकांनीच म्हटले आहे. निष्क्रिय गोळीनेही १९ गुणांचा आराम पडला, ही गोष्टही विसरता कामा नये. 'मला अमुक काढ्याने बरे वाटले' या अनुभवात काढ्याचा भाग किती आणि विश्वासाचा भाग किती, हे केवळ अनुभवाने ठरत नाही ते यामुळेच.

आपल्या देशातही वनौषधींना या कसोटीवर घासण्याचे काम झालेले आहे. कर्नल रामनाथ चोप्रा यांनी कलकत्त्यात देशी औषधींचा शास्त्रीय अभ्यास सुरू करून १९३३ साली त्यावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. १९६६ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुताच्या मेदोरोगाच्या वर्णनाचा आधार घेऊन गुग्गुळाचा प्रबंध लिहिला आणि त्याने प्राण्यांच्या रक्तातील मेद उतरतो असे दाखविले. त्यातून लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत एक औषधही तयार झाले. परंतु २००३ साली अमेरिकेत झालेल्या चाचणीत गुग्गुळाने अपायकारक मेद उतरला तर नाहीच, उलट काहीसा वाढला. म्हणजे गुग्गुळाविषयीचा अंतिम निवाडा अद्याप व्हावयाचा आहे. दरम्यान त्याचे झाडच दुर्मिळ होत चालले आहे. डिंकासाठी वाटेल तशा खाचा मारल्याने ते मरते, आणि आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत केली आहे.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर नागपूरचा उल्लेख केला पाहिजे. सातपुड्याच्या आणि विदर्भाच्या रानांत सर्वत्र दिसणाऱ्या सालई वृक्षाच्या डिंकाची, म्हणजेच ग्रंथोक्त शल्लकीची, चाचणी तेथे झाली आणि २००३ साली प्रसिद्ध झाली. गुडघ्याच्या झिजेच्या ३० रोग्यांत वेदना व सूज कमी झाली, चालण्याचे अंतर वाढले. मात्र क्ष-किरणांच्या चित्रात काही फरक दिसला नाही. वेदना शमणे आणि झीज भरून येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या प्रामाणिक नोंदीने स्पष्ट केले. शार्ङ्गधराने प्रमेहासाठी सांगितलेल्या दारुहळदीतही बर्बेरिन नावाचे द्रव्य असते. २००८ साली चीनमध्ये नव्याने मधुमेह झालेल्या ३६ जणांवर त्याची मेटफॉर्मिनशी तुलना झाली, तेव्हा साखर उतरविण्यात ते फारसे उणे पडले नाही. परंतु साखर उतरविणारी गोळी चालू असताना त्यावर असा काढा घेतला तर साखर गरजेहून खाली जाण्याचा संभव असतो, आणि बर्बेरिन इतर औषधांच्या पचनातही हस्तक्षेप करते. गुण आहे म्हणूनच उपद्रवही आहे. ज्याला उपद्रव मुळीच नाही त्याला बहुधा गुणही नसतो.

आता शेवटच्या आणि महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय औषधांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतील १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. याहून कपटी प्रकार म्हणजे सांधेदुखीच्या चूर्णांत गुपचूप मिसळलेले स्टेरॉइड. असे भेसळीचे नमुने वेळोवेळी उघडकीस आले आहेत. हे चूर्ण दोन दिवसांत गुडघा मोकळा करते. रोगी वैद्याला दुवा देतो. त्याच वेळी त्याची साखर चढत जाते आणि दोष दिला जातो तो त्याच्या पथ्याला. केवळ सांधे दुखणाऱ्या माणसाला जे चूर्ण कदाचित उशिरा बाधेल, ते दोन्ही व्याधी असलेल्याला लवकर बाधते.

कायद्याला याची जाणीव नव्हती असे नाही. चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी करणारा कायदा आपल्या संसदेने १९५४ साली केला. ज्या रोगांवर रामबाण इलाजाची जाहिरात करता येत नाही, त्यांच्या अनुसूचीत मधुमेह आणि संधिवात ही दोन्ही नावे आहेत. १९६४ साली आयुर्वेदीय व युनानी औषधांची निर्मितीही औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आणण्यात आली. परंतु शासनात काम करणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असते, की प्रत्येक पुडीमागे निरीक्षक उभा करता येत नाही. निरीक्षकाचे काही काम रोग्यालाच करावे लागते. पुडीवर घटकांची नावे आणि निर्मितीचा परवाना क्रमांक आहे काय, हे त्याने पाहावे. नवे औषध सुरू केल्यावर रक्तातील साखर आणि काही काळाने मूत्रपिंडाचे कार्य तपासून घ्यावे. आणि काढ्याची गोष्ट डॉक्टरपासून व गोळीची गोष्ट वैद्यापासून लपवू नये.

शार्ङ्गधराने एका गुटीला तीन अनुपाने जोडली, त्यामागे एक खोल समज होती: औषध रोगाला नव्हे, तर रोग्याला द्यावयाचे असते. त्याच्यापाशी रक्त तपासण्याचे साधन नव्हते, म्हणून त्याला शास्त्राच्या तर्कावर आणि गुरुपरंपरेच्या अनुभवावर विसंबावे लागले. आपल्यापाशी ते साधन आहे. वाळुंजाची साल आणि गॅलेगाचे झुडूप यांचे औषध झाले ते त्यांची मात्रा मोजली गेली आणि उपद्रव लपविले गेले नाहीत म्हणून. गुग्गुळ, सालई आणि दारुहळद यांनाही तोच न्याय लावला पाहिजे. त्यांत परंपरेचा अवमान नाही. आणि तोवर सुश्रुताच्या शंभर योजनांपैकी रोज जेवढे पाऊल गुडघा सोसेल, तेवढे टाकीत राहावे. मांडीच्या स्नायूंना बळ आले की गुडघ्यावरचा ताण हलका होतो, आणि स्नायू राबले की रक्तातील साखर खर्ची पडते. दोन्ही व्याधींना लागू पडणारा आणि कोणत्याही पुडीत भेसळ करून विकता न येणारा असा हा उपाय आहे.